माजी विद्यार्थ्यांचे पुरस्कार आणि अर्जातला रिकामा रकाना

ज्या वैद्यकीय विज्ञान संस्थेत मी पीएच.डी. केली, तिच्या माजी विद्यार्थी पुरस्कारांच्या निवड समितीवर मी गेली चार वर्षे काम करीत आहे. दरवर्षी सुमारे चाळीस नामांकने येतात, प्रत्येकासोबत दोन शिफारसपत्रे असतात आणि ती सगळी आम्हा पाच जणांना किमान दोनदा वाचावी लागतात. हे काम मला अतिशय जिव्हाळ्याचे वाटते. त्यात आमच्या हातून एक चूक झाली होती आणि ती लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

अशा संस्थेतून बाहेर पडणारे बहुतेक जण रुग्ण तपासणारे डॉक्टर नसतात. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र अशा विषयांत प्रबंध लिहून ते प्रयोगशाळांत, औषध कंपन्यांत, नियामक संस्थांत किंवा अध्यापनात जातात. बऱ्या झालेल्या रुग्णाला आपल्या डॉक्टरांचे नाव आयुष्यभर आठवते. पण ज्या रक्तचाचणीमुळे त्याच्या आजाराचे निदान वेळेवर झाले, त्या चाचणीतली प्रतिपिंडे कोणी शुद्ध केली, किंवा त्याच्या औषधाची सुरक्षित मात्रा ठरवण्यासाठी कोणी वर्षानुवर्षे यकृताचे नमुने तपासले, हे त्याला कधीच कळत नाही आणि कळण्याचा काही मार्गही नसतो. या कामाची खरी पारख असणारे लोक म्हणजे त्यांचे शिक्षक, सहाध्यायी आणि प्रयोगशाळेतले सहकारी. म्हणूनच माजी विद्यार्थी पुरस्कार हा केवळ शोभेचा कार्यक्रम आहे असे मला वाटत नाही.

अडचण सुरू होते ती अर्जापासून. आमच्या जुन्या अर्जात शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेले संदर्भ, मिळवलेली संशोधन अनुदाने, पेटंट, भूषवलेली पदे आणि यापूर्वीचे पुरस्कार असे रकाने होते. शेवटचा रकाना मला सर्वांत जास्त खटकत असे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या ‘मॅथ्यू परिणामा’विषयी लिहिले होते: ज्याचे नाव आधीच झालेले असते, त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडत जाते आणि तेवढेच काम करणारा अपरिचित माणूस मागे राहतो. आधीचे पुरस्कार विचारणारा अर्ज हा परिणाम स्वतःच्या हाताने घडवून आणतो. शिवाय नामांकन करायला कोणीतरी लागते, आणि ज्याच्या हाताखाली पंधरा जण काम करतात त्याला ते सहज मिळते.

या रकान्यांचा विचार करताना मला नेहमी फ्रान्सिस केल्सी आठवतात. १९३७ साली त्या शिकागो विद्यापीठात औषधशास्त्राच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक द्रवरूप औषध घेऊन शंभराहून अधिक लोक मरण पावले. त्या औषधातला दोषी घटक शोधण्याचे काम त्यांचे मार्गदर्शक गाइलिंग यांच्याकडे आले आणि केल्सी यांनी त्या प्राणिप्रयोगांत भाग घेतला. मारक ठरले होते ते डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रावक. १९३८ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे युद्धकाळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांनी पाहिले की प्रौढ सशाचे यकृत क्विनीनचे विघटन झपाट्याने करते, गर्भवती सशिणीत ही क्षमता कमी असते आणि गर्भातल्या पिलात ती जवळपास नसतेच.

१९६० मध्ये त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि महिनाभरातच थॅलिडोमाइडच्या परवान्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. हे झोपेचे औषध अनेक देशांत आधीच विकले जात होते, त्यामुळे प्रकरण सोपे मानले गेले होते. त्या काळच्या नियमानुसार साठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप बाजारात जाऊ शकत असे. केल्सी यांनी पुरावा अपुरा असल्याचे कळवून अर्ज परत पाठवला, आणि कंपनीचा तगादा सुरू असतानाही पुन्हा पुन्हा परत पाठवला. मज्जातंतूंवरच्या दुष्परिणामांची बातमी एका वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रातून त्यांच्या वाचनात आली, तेव्हा गर्भावर या औषधाचा काय परिणाम होतो, हाही प्रश्न त्यांनी विचारला. या प्रश्नामागे ते ससे होते, असे मी मानते. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतले गेले, तोवर जगभरात हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत मात्र तेव्हा त्या औषधाला परवाना मिळालाच नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते केल्सी यांचा सन्मान झाला.

आता हे काम आमच्या जुन्या अर्जात कुठे लिहिता आले असते? एका फाईलवर सही केली नाही, हा शोधनिबंध नव्हे, पेटंट नव्हे आणि त्यासाठी कोणी अनुदानही देत नाही.

आमची चूक नेमकी अशीच होती. दुसऱ्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीचे नामांकन आले. ते कोणा विभागप्रमुखांनी पाठवलेले नव्हते. तिच्याकडे काही महिने काम शिकलेल्या एका विद्यार्थ्याने ते पाठवले होते. ती एका सामायिक प्रयोगशाळेत सेल लाइन्सची ओळख पडताळण्याचे काम करते. वाढीच्या माध्यमात पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या या पेशींवर कर्करोगाच्या संशोधनाचा मोठा भार असतो, आणि त्या एकमेकींत मिसळण्याचा धोका फार जुना आहे. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी १८ मानवी सेल लाइन्स तपासल्या तेव्हा सगळ्यांत जी६पीडी या विकराचा तोच एक प्रकार निघाला. तो प्रकार आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो आणि १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशींतही तो होता. जोमाने वाढणाऱ्या हेला पेशी इतर पेशींत शिरून त्यांची जागा घेऊन बसल्या होत्या, आणि संशोधक मात्र आपण दुसऱ्याच कुठल्या अवयवाच्या पेशी अभ्यासत आहोत असे समजत होते. आज डीएनएमधल्या लहान पुनरावृत्त तुकड्यांवरून, म्हणजे एसटीआर चाचणीने, ही ओळख पटवता येते. पण ती चाचणी नियमाने करणारे आणि नको असलेले उत्तर स्पष्टपणे सांगणारे माणूस जागेवर असावे लागते.

त्या विद्यार्थ्याने पत्रात एकच प्रसंग लिहिला होता. त्याच्या स्वतःच्या पेशी भलत्याच निघाल्या आणि सात महिन्यांचे काम वाया गेले, तेव्हा तिने तो निकाल त्याच्यासमोर ठेवला, त्याच्याबरोबर बसून कोणती निरीक्षणे अजून वापरता येतील ते तपासले आणि त्याच्या मार्गदर्शकांना स्वतः जाऊन समजावले. पत्र आम्ही सर्वांनी वाचले, चांगले आहे असे म्हटले, आणि ‘संशोधनाचा प्रभाव’ हा रकाना रिकामा असल्यामुळे अर्ज बाजूला ठेवला. मीही हात वर केला होता, आणि त्याची रुखरुख मला वर्षभर होती.

पुढच्या वर्षी आम्ही अर्ज बदलला. आधीच्या पुरस्कारांचा रकाना काढून टाकला, नाकारलेले नामांकन तीन वर्षे विचारात राहील असे ठरवले आणि शिफारसपत्रात एक प्रश्न घातला: या व्यक्तीने केलेले असे एक काम सांगा, जे तिने केले नसते तर कोणाचे तरी नुकसान झाले असते. या प्रश्नाने पत्रांची भाषाच बदलली. ‘अतुलनीय योगदान’, ‘बहुमोल कार्य’ असे शब्द गळाले आणि तारखा, नमुने, निर्णय दिसू लागले. मानपत्रेही आम्ही त्याच पद्धतीने लिहू लागलो, कारण सभागृहात बसलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सत्कारमूर्तींनी नेमके काय केले ते समजले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

त्या माजी विद्यार्थिनीला त्याच वर्षी सेवेचा पुरस्कार मिळाला. समारंभाच्या आठवडाभर आधी आम्ही मानपत्राचा मसुदा तिच्याकडे पाहण्यासाठी पाठवला. त्यात लिहिले होते की अमुक सेल लाइन चुकीची असल्याचे प्रथम तिच्या लक्षात आले. तिने त्या वाक्याखाली रेघ ओढून मसुदा परत पाठवला आणि समासात लिहिले की पेशी नेहमीपेक्षा दोन दिवस आधीच बशीभर पसरल्याचे पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी पाहिले होते, चाचणी करण्याचा आग्रहही त्यांचाच होता, आणि त्यांचे नाव वाक्यात आले तरच ते वाक्य ठेवावे. आम्ही नाव घातले आणि मानपत्राच्या दोन प्रती छापून घेतल्या.