भालकीची भावकी

२०२३ ला शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली आणि तेव्हापासून आमच्याकडं बघावं त्याच्या हातात जुने कागद. मला दाखलाबिखला काढायचा नव्हता, पण सगळ्यांचं बघून म्हणलं आपली पण वंशावळ काढावी, कारण अप्पांना त्यांच्या आजोबांच्या वडिलांचं नाव पण सांगता येईना.

मराठवाड्यात हे काम जरा किचकटच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाकडं, त्यामुळं नोंदी कुठं उर्दूत कुठं मोडीत, आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कागदातलं. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १३४० फसली दिसलं की १९३० च्या आसपास धरा. आणि आडनावाच्या मागं लागूच नका, गाव धरा, कारण गाव सुटलं की लोक जुन्या गावाला 'कर' लावून मोकळे.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यांनी पण आधी गावच विचारलं. लाल फडक्यातली लांबडी वही सोडली, बोट फिरवत फिरवत थांबले आणि पणजोबा येऊन गेल्याची मोडीतली नोंद वाचून दाखवली, खाली तिघा भावांची नावं. तिसरा आम्हाला कुणालाच माहीत नाही! (लेकीबाळींचं एक पण नाव नाही, हे लई खटकलं.)

तिसऱ्याचा पत्ता कुठल्या कागदात नाही, मावळणीच्या (आत्याच्या) तोंडून निघाला. "आरं ते भालकीला घरजावई गेलते की. माज्या लग्नाला आलते तिकडले." १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, आपण मुंबई राज्यात आणि भालकीचा बिदर जिल्हा म्हैसूरला, म्हणजे आताच्या कर्नाटकात. मग हळूहळू येणंजाणं आटलं, सुतक कळवायचं पण राहिलं.

ओळखीओळखीनं नंबर मिळवून फोन लावला तर तिकडल्या काकांनी आधी देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह, विचारलं. पंचपल्लव म्हणलं तेव्हा कुठं आवाज खुलला. कुळदैवत तुळजाभवानी तर अर्ध्या मराठवाड्याचं, त्यानं काय कळतंय. घरात मराठीच बोलतात, पोरं मात्र कन्नड शाळेत.

आता मी वंशावळीत लेकी पण लिहितोय, कुणाची कुठं दिली ते सगळं मावळण सांगती. भालकीवाले म्हणतात भाऊ तीन नाही चार, चौथा निजामाबादकडं गेला. मावळण म्हणती असला कुणी नव्हताच, बळंच घुसवायलेत. रविवारी तिला आणि भालकीच्या आजीला व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसवतोय, काय ठरतंय बघू.