तुम्ही विचारलंत म्हणून: पोकलेन मिळतंय, ओढा खोल करून घेऊ का?

हा प्रश्न मला सारखा येतो. फोनवर येतो, मेसेजमध्ये येतो, कुठे बोलायला गेले की शेवटी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. शब्द थोडे बदलतात पण मुद्दा तोच, की ओढा गाळाने भरलाय, मशीन आठवडाभर मिळतंय, कामाला माणसं तयार आहेत, तर खोल-रुंद करून सरळच करून टाकू ना, म्हणजे पाणी साठेल आणि ओढा पुन्हा जिवंत होईल. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते म्हणून नाही म्हणणं जड जातं, पण बहुतेक वेळा माझं उत्तर नाहीच असतं. का, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक करा. ओढ्यात जिथे पाणी उथळ आहे आणि दगडगोट्यांवरून खळखळत जातंय, तिथला एक मुठीएवढा दगड हळूच उचलून उलटा करा आणि थोडा वेळ नुसतं बघत राहा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर चपट्या अंगाचे, मागे तीन बारीक शेपट्या असलेले किडे कडेला पळताना दिसतील, ती मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं. आणि दगडाला वाळूच्या कणांच्या छोट्या छोट्या नळ्या चिकटलेल्या दिसतील, त्या कॅडिसफ्लाय नावाच्या दुसऱ्या उडत्या किड्याच्या अळीने बांधलेल्या असतात, तोंडाजवळून रेशीम काढून एकेक कण जोडत. ह्यातल्या बऱ्याच जातींना प्राणवायू भरपूर असलेलं वाहतं पाणीच लागतं. मासे ह्यांना खाऊन जगतात, आणि पंख फुटून ते हवेत आले की काठावरचे पक्षी, कोळी, वटवाघळं. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

आता त्या जागी पोकलेनचं बकेट फिरवा. वरचा दोन-तीन फुटांचा थर गेला की हे सगळंच गेलं, आणि नुसते जीव नाही गेले. उथळ खळाळ आणि खोल डोह असे आलटून पालटून असतात ना, तिथे पाणी गोट्यांच्या फटींतून तळाखाली शिरतं आणि थोडं पुढे जाऊन परत वर येतं, आणि त्या प्रवासात तिथले जिवाणू त्यातली घाण खाऊन टाकतात. ती ओढ्याची गाळणी आहे. सपाट, एकसारख्या खोलीच्या चरात ती उरत नाही.

"पण खोल केल्यावर पाणी दिसतं की हो!" दिसतं, खरं आहे. ते कुठून आलं तेही बघा. तळ आजूबाजूच्या भूजलाच्या पातळीपेक्षा खाली गेला की दोन्ही बाजूंच्या जमिनीतलं पाणी त्या चरात पाझरायला लागतं, म्हणजे जे पाणी जमिनीत राहून महिनोनमहिने हळूहळू ओढ्याला मिळालं असतं ते लवकर बाहेर येऊन वाहून जातं. काठाच्या झाडांची मुळं कोरडी पडतात, काठ ढासळतात. जिथे खोदकाम संपतं तिथे तळाला एक पायरी तयार होते आणि प्रत्येक पुरात ती पायरी कुरतडली जाऊन वरच्या अंगाला सरकत जाते, जिथे कोणी हातही लावला नव्हता तिथला ओढा खोल करत. आणि पूर काठावर पसरायचा थांबतो, सगळा जोर घेऊन खालच्या लोकांच्या अंगावर जातो.

हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधली किसिमी नदी वळणावळणाने साधारण १६६ किलोमीटर वाहायची. १९६२ ते १९७१ मध्ये पूर आवरायला म्हणून ती सरळ करून ९० किलोमीटरचा, ९ मीटर खोल कालवा केला. पूरमैदानातली पाणथळ वाळली, हिवाळ्यात येणारी बदकं जवळपास दिसेनाशी झाली, पाण्यातला प्राणवायू घटला. मग १९९९ पासून तोच कालवा काही टप्प्यांत मातीने परत बुजवायला घेतला, जुनी वळणं जोडली, आणि ते बांधकाम पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं, खर्च १०० कोटी डॉलरच्या घरात. एवढं करून साधारण ७० किलोमीटर नदी परत वाहती झाली. पाणपक्षी परतले, पाणवनस्पती परतल्या, त्याचा मला खूप आनंद आहे, पण सरळ करायला ९ वर्षं आणि त्यातला काही भाग मागे फिरवायला २२, हा हिशोब मशीन बोलवायच्या आधी डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

डेन्मार्कच्या स्केर्न नदीचंही तेच. १९६० च्या दशकात सरळ केली, काठची पाणथळ कुरणं सुकवून शेती केली. सुकल्यावर ती जमीन खचायला लागली आणि मातीतलं लोह हवा लागून गंजासारखं तांबडं होऊन पाण्यात उतरायला लागलं. १९९९ ते २००२ मध्ये खालच्या टप्प्यातली वळणं परत दिली.

पाणथळ म्हणजे पडीक जागा, भर टाकून "उपयोगात आणू", ही समजूत तर मला फारच टोचते. त्या चिखलात प्राणवायू नसतो म्हणूनच तिथले जिवाणू खतांतून आलेल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात, कुजायचा वेग मंद असतो म्हणून कार्बन मातीत साठून राहतो, आणि पुराचं पाणी तिथे पसरून थांबतं. ह्यातलं एकही काम काठाला काँक्रीटची भिंत बांधून होत नाही.

खोदणं नेहमीच चूक असतं का? नाही. ओडिशातलं चिलिका सरोवर घ्या. समुद्राकडचं मुख गाळाने आक्रसलं, खारेपणा कमी झाला, पाणगवत माजलं, मासळी घटली. १९९३ मध्ये रामसर कराराच्या (पाणथळी जपण्यासाठी देशादेशांत झालेला करार) धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत ते गेलं. २००० साली अभ्यास करून समुद्राकडे नवीन मुख खोदलं, खारं पाणी परत खेळायला लागलं, मासळी वाढली आणि २००२ मध्ये नाव त्या यादीतून निघालं. तिथे नेमकं काय अडलंय हे आधी शोधलं होतं आणि तेवढंच मोकळं केलं.

त्यामुळे मला विचाराल तर पहिलं काम चालण्याचं. उगमापासून खाली, एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पुराच्या वेळी (लांबूनच, काठ सोडून), आणि सोबत जुनी जाणती माणसं घ्या, त्यांना डोह कुठे होते ते आठवतं. गाळ येतोय कुठून ते शोधा, कारण वरचा उघडा डोंगर तसाच असेल तर काढलेला गाळ दोन पावसाळ्यांत परत येतो. सांडपाणी कुठे मिसळतंय ते बघा, ते बंद झाल्याशिवाय बाकी सगळी मेहनत वाया. काठावरची पट्टी मोकळी सोडा, स्थानिक गवत-झुडपं आपोआप यायला लागतात, सावली पडते, पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो.

आणि मशीन ठरलंच असेल, परत पाठवता येत नसेल, तर त्याला वरच्या अंगाला न्या, पाण्याला आडवी टाकलेली भर किंवा राडारोडा काढायला लावा, काठावर कोणी उभारलेला मातीचा बांध फोडून पुराला जुन्या पाणथळीकडे वाट करून द्या. निघालेली माती काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्याच मोठ्या पावसात ती परत ओढ्यात येते. दूर न्या, पाण्याची वाट नसेल तिथे पसरवा. तळाच्या गोट्यांना आणि डोहांना मात्र हात लावू देऊ नका, ड्रायव्हरच्या शेजारी दिवसभर उभं राहावं लागलं तरी चालेल.