तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या सर्व्हरच्या सवयी

‘आमचे सॉफ्टवेअर बारा वर्षांचे आहे, नीट चालते, ते आहे तसे कंटेनरमध्ये घालून क्लाउडवर नेता येईल का, आणि किती दिवस लागतील?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारे बहुधा एखाद्या पतसंस्थेचे व्यवस्थापक असतात, एखाद्या लहान कारखान्याचे मालक असतात, नाहीतर माझ्यासारखेच पुण्यातल्या कंपनीत नोकरी करणारे असतात. माझे उत्तर ठरलेले आहे: कंटेनरमध्ये घालायला एक दुपार लागते आणि त्यानंतर चार महिने लागतात. लोक हसतात. मी मात्र गंमत करत नसतो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, अशी अनेकांची समजूत असते आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते, कंटेनरमध्ये ती नसते. तिथे यजमान यंत्रावरच्या लिनक्सचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरला जातो आणि आत चालणाऱ्या प्रोग्रामला फक्त वेगळ्या फायली, वेगळे नेटवर्क आणि वेगळी प्रोसेसची यादी दाखवली जाते. किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा यावर बाहेरून मर्यादा घातलेली असते. प्रोग्रामला ठरावीक फोल्डरच्या बाहेरचे दिसू न देण्याची सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ सालीच होती. मेमरीवर मर्यादा घालणारी सीग्रुप नावाची यंत्रणा गूगलच्या अभियंत्यांनी लिहिली आणि ती जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. २०१३ साली आलेल्या डॉकरने हे सगळे एका फाइलीत आणि एका कमांडमध्ये बसवले, आणि २०१४ पासून कुबरनेटिसने असे शेकडो कंटेनर सांभाळण्याची सोय केली. नाव अर्थातच जहाजावरच्या पेट्यांवरून आले आहे. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलो की सुट्टीच्या दिवशीही मला कामच आठवते.

आता एका पतसंस्थेची हकिगत सांगतो. जावा ८, जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा टॉमकॅट, आणि मुख्य कार्यालयातल्या एका खोलीत वर्षानुवर्षे चालू असलेला एकच सर्व्हर, असा संसार होता. डेटाबेस आम्ही क्लाउड कंपनीच्या सेवेवर वेगळा हलवला होता, म्हणून कंटेनरमध्ये फक्त अ‍ॅप्लिकेशन जायचे होते. डॉकरफाइल, म्हणजे कंटेनरचा साचा (इमेज) कसा बनवायचा ते सांगणारी फाइल, अकरा ओळींची झाली. त्याच दुपारी चार वाजता लॉगिनचे पान उघडले, आणि व्यवस्थापकांनी पेढे मागवले. मी एक पेढा खाल्ला आणि ठेवीच्या पावतीची पीडीएफ काढून पाहिली.

पावती निघालीच नाही. इमेज लहान राहावी म्हणून आम्ही जी आटोपशीर बेस इमेज (पायाभूत साचा) घेतली होती, तिच्यात फॉन्ट सांभाळणारी लायब्ररीच नव्हती. ती घातल्यावर पावती निघाली, रक्कम आणि खाते क्रमांक व्यवस्थित उमटले. पण खातेदाराचे नाव, शाखेचे नाव आणि ‘अक्षरी रुपये’ यांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग होती. इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नव्हता. जुन्या सर्व्हरवर तो कोठून आला होता, हे कोणालाच माहीत नव्हते. कधीकाळी नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी पेन ड्राइव्हवरून तो एका फोल्डरमध्ये टाकला होता आणि त्याची नोंद कुठेही केलेली नव्हती. फॉन्ट घालायला पाच मिनिटे लागली. पण अशी नोंद नसलेली आणखी किती कामे त्या सर्व्हरवर झाली असतील, हा प्रश्न त्या पाच मिनिटांत पडला आणि पुढचे चार महिने त्याचेच उत्तर शोधण्यात गेले.

वेळेचे प्रकरण याहून नाजूक होते. जुना सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला होता, कंटेनरमध्ये मात्र घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी अकरा वाजता भरलेल्या रकमेच्या पावतीवर पहाटे साडेपाचची वेळ दिसू लागली, तेव्हा आम्ही टाइमझोनचा व्हेरिएबल कोलकात्यावर लावला आणि पावत्या सुधारल्या. तेवढ्यावर समाधान मानले असते तर फसलो असतो. जावाकडे टाइमझोनचा स्वतःचा तक्ता असतो, म्हणून जावाने नवे घड्याळ ऐकले. पण दिवसअखेरचे काम सुरू करणारी शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) सिस्टिमच्या तक्त्यावर अवलंबून होती आणि तो तक्ताच त्या आटोपशीर इमेजमध्ये नव्हता. एकाच कंटेनरमध्ये दोन घड्याळे चालत होती. पिग्मीच्या प्रतिनिधींनी मध्यरात्रीनंतर पाठवलेली वसुली एकीकडे आजच्या तारखेला आणि दुसरीकडे कालच्या तारखेला धरली जात होती. हे चाचणीत सापडले, एकतीस मार्चच्या रात्री नव्हे, याबद्दल मी आजही स्वतःला भाग्यवान समजतो.

मग मेमरी. कंटेनरला आम्ही २ जीबीची मर्यादा घातली होती आणि खालचे यंत्र ३२ जीबीचे होते. जावाला काही सांगितले नाही तर दिसेल त्या मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंत ती हीप, म्हणजे डेटा ठेवायची आपली जागा, वाढवते, आणि जावा ८ च्या जुन्या आवृत्त्यांना कंटेनरची मर्यादा दिसतच नाही. त्यामुळे आपल्याला ८ जीबी मिळाले आहेत अशा समजुतीने ती वाढत राहिली आणि २ जीबी ओलांडताच कर्नलने तिला मारून टाकले. लॉगमध्ये एक अक्षर नव्हते. फक्त कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडलेला दिसत होता. १२८ अधिक सक्तीने मारण्याच्या सूचनेचा क्रमांक ९, म्हणजे बाहेरून सक्तीने मारले, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या १९१ क्रमांकाच्या सुधारणेपासून जावा ८ ला ही मर्यादा समजते. आमची प्रत त्याआधीची होती.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सह्यांचे नमुने अ‍ॅप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये साठत होते, आणि कंटेनर बदलला की आतले सगळे जाते, म्हणून ते बाहेरच्या साठवणीत न्यावे लागले. लॉगिनचे सेशन (कोण आत आले आहे याची नोंद) टॉमकॅटच्या मेमरीत असल्यामुळे कंटेनरची दुसरी प्रत चालू करताच लोकांना मधूनच पुन्हा पासवर्ड विचारला जाऊ लागला. त्याच दुसऱ्या प्रतीने व्याजाचे रात्रीचे काम दुसऱ्यांदा केले. तेही चाचणीतच घडले, पण ते आकडे पाहून मुख्य रोखपालांनी माझ्याकडे जसे पाहिले ते मी विसरलेलो नाही. शिवाय कुबरनेटिस कंटेनर बंद करताना आधी सूचना देते आणि साधारण ३० सेकंद वाट पाहून मग मारते. आमचे अ‍ॅप्लिकेशन स्क्रिप्टमधून सुरू होत असल्याने ती सूचना स्क्रिप्टपाशीच अडकत होती आणि अर्धवट व्यवहार दर वेळी मध्येच तुटत होते. स्क्रिप्टमध्ये एक शब्द वाढवून हा दोष गेला, तो शोधायला मात्र नऊ दिवस लागले.

तुम्ही सल्ला विचारता म्हणून माझे मतही सांगतो. हलवणे आणि तोडणे ही दोन कामे एकाच वेळी काढू नयेत. सल्लागार मंडळी क्लाउडवर नेतानाच अ‍ॅप्लिकेशनचे वीस तुकडे करा असे सुचवतात, पण मग काही बिघडले तर ते जागा बदलल्यामुळे की तुकडे केल्यामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. आधी जसे आहे तसे न्यावे, एक व्याजकाल त्याच्यावर काढावा आणि मग हवे तर फोडावे. तुमचे वापरणारे दहा असतील, सॉफ्टवेअर वर्षातून एकदा बदलत असेल, तर कंटेनरच्या नादी लागूच नका. तो सर्व्हर व्हर्च्युअल मशीन म्हणून उचलून क्लाउडवर ठेवलात तरी पुष्कळ झाले. आमच्या पतसंस्थेत दर पंधरवड्याला बदल होत होते आणि प्रत्येक बदलासाठी शाखा तासभर बंद ठेवाव्या लागत होत्या, म्हणून तिथे हा खटाटोप परवडला. जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या सवयी आता एका फाइलीत लिहिलेल्या आहेत, फॉन्टसकट.

आणि सगळे हलले का, असे कोणी विचारले तर, नाही. पासबुक छापणारा भाग आम्ही हलवला नाही. तो प्रोग्राम सर्व्हरच्या पाठीमागच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी थेट बोलतो, आणि क्लाउडला पाठीमागे पोर्ट नसते. मुख्य कार्यालयातल्या त्या खोलीत जुना सर्व्हर अजून चालू आहे, त्याच्यावर तेवढे एकच काम उरले आहे, आणि त्याच्या डब्यावर कोणीतरी मार्करने ‘बंद करू नये’ असे लिहिले आहे.