अंगठा

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला क्षेत्रकार्यात एका वृद्ध व्यक्तीची जीवनकहाणी नोंदवायची होती. कळंब तालुक्यातल्या माझ्या आजोळी, मामाच्या शेजारच्या आजींना मी विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. अडलं ते संमतीपत्रावर.

"अंगठा देत न्हाई म्या."

नवरा वारल्यावर दिरानं तालुक्याला नेऊन कागदावर अंगठा घेतला होता. ते हक्कसोडपत्र होतं, हे त्यांना पेरणीच्या वेळी कळलं. मी शाईचं पॅड पिशवीत ठेवलं आणि कॉलेजच्या मॅडमना फोन लावला. तोंडी संमती रेकॉर्ड केली तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. मी काय विचारणार, कोण वाचणार, नको वाटेल तिथं थांबता येईल, हे सगळं आजींना सांगितलं. "इचार की माय," एवढी त्यांची संमती माझ्या मोबाईलमध्ये आहे.

पहिला दिवस तरीही वायाच गेला. जन्मसाल, लग्नाचं साल असं मी विचारत राहिले. आधार कार्डावर १ जानेवारी होती, ती कुणीतरी अंदाजानं टाकलेली. मग त्याच म्हणाल्या, "रझाकाराच्या टायमाला मी आईच्या कडंवर व्हते." निजामाची हद्द ओलांडून त्यांचं घर रातोरात बार्शीकडं गेलं होतं. हैदराबाद संस्थान १९४८च्या सप्टेंबरात भारतात आलं, म्हणजे आजी आता अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. दुसऱ्या खेपेला मी प्रश्नावली घरीच ठेवली. वहीत एक रेघ ओढली आणि तिच्यावर तीन खुणा केल्या: रझाकार, ७२चा दुष्काळ, १९९३चा किल्लारीचा भूकंप. मग सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. थोरला दुष्काळाच्या आदल्या साली झाला, नात भूकंपाच्या महिन्यात.

दुष्काळावर त्या दोन तास बोलल्या. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, लेकरू झाडाखाली झोळीत. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळाली की अर्धी पदराला बांधून घरी आणायच्या. बोलता बोलता त्यांनी उजवा हात पुढं केला. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगून वाकडं वाढलेलं, हातोडा बसला होता त्यावर. बोटाची कातडी इतकी गुळगुळीत की रेषा दिसत नव्हत्या. श्रावणबाळ या सरकारी पेन्शनचे पैसे काढायला गेल्या की मशीन हा अंगठा घेत नाही, तीन-तीन चकरा होतात. ज्या अंगठ्यानं शेत गेलं, तोच आता मशीनला ओळखू येत नाही. मला पुढं काही विचारवेना. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्यांच्यासोबत शेंगा फोडत बसले.

ज्यांना मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांना एवढंच सांगेन, लिहिलेलं परत वाचून दाखवायला एक खेप राखून ठेवा. मी तिसऱ्यांदा गेले ती त्यासाठीच. पहिल्याच ओळीला आजींनी थांबवलं. मी लिहिलं होतं, 'निराधार विधवा'.

"निराधारचा पगार म्हनत्यात, ते ठीक हाय. पर तीन लेकरं म्या वाढिवली, दोन पोरींची लग्नं केली. मला कुनाचा आधार व्हता? मीच व्हते की त्यांना. ते काढ."

मी त्यांच्यासमोरच खोडलं. "आता काय लिहू?" विचारलं तर बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खडी फोडनारी लिव्ह."

अहवालात तसंच आहे.