शिळेवरची तारीख

सकाळी नऊला पंचवटीतल्या आमच्या कारखान्यात निफाडकडचे एक गृहस्थ आले. पिशवीत संगमरवराचा फुटका कोपरा, जुन्या शिळेचा फोटो आणि प्लास्टिकमध्ये जपलेला लष्कराचा कागद.

"मिस्त्री, दादाची स्मारकशिळा नवी करायचीय."

दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला आणि ऑक्टोबरात जाफन्याच्या लढाईत पडला. वय २२.

शिळा का फुटली ते तुकड्यावरूनच कळलं. आत साधा लोखंडी गज. पाणी शिरलं की गज गंजतो, गंजला की फुगतो आणि दगड आतून चिरतो. त्यात संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. इतक्या पावसाळ्यांत अक्षरांच्या कडा झिजून गेल्या होत्या. उघड्यावर तो लावूच नये. आपला काळा पाषाण टिकतो, पण त्याला बारीक भोकं असतात, लहान अक्षराची कड उडते. म्हणून काळा ग्रॅनाइट ठरवला. ३ फूट बाय २ फूट, जाडी ५० मिमी, वजन साधारण ७५ किलो. खाली स्टेनलेस स्टीलच्या दोन खुंट्या.

मजकूर उतरवताना अडलो. फोटोत २९ ऑक्टोबर, कागदावर १९. मला वाटलं, कोरणाऱ्याचा हात चुकला.

"चूक नाही. २९ला तार आली. आईनं तीच तारीख धरली. ती होती तोवर त्याच दिवशी पान वाढायची."

शिळेवर कागदावरचीच तारीख हवी, हे मी स्पष्ट सांगितलं. पोरगा परमुलखात गेला आणि दहा दिवस घरात त्याच्या पत्राची वाट बघत होते. ते दहा दिवस खोडायचा हक्क कुणाला नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "१९ टाका."

पूर्ण मापाची कागदी प्रत काढून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. कॉम्प्युटरवर 'श्रीलंका'मधला 'श्री' फुटला होता, तो तिथेच सापडला. दगडावर अक्षरं कापून काढलेलं रबर चिकटवून वाळूच्या माऱ्याने अक्षरं ३ मिमी खोल उतरवली. ब, ठ यांच्या पोटातला रबराचा ठिपका सुटला की अक्षराचा खड्डा होतो, म्हणून मारा हळू. १ आणि ९ मध्ये तर एका वळणाचाच फरक. तारीख मी वाळूवर सोडली नाही, कार्बाइडच्या छन्नीने हाताने कोरली.

जुनी शिळा काढून आणली तेव्हा त्यांनी २९ ऑक्टोबरची ओळ तेवढी मागितली. नऊ इंची पट्टी कापली, कडा घासून दिल्या. गोणपाटात गुंडाळून त्यांनी ती घरी नेली, देवघराच्या भिंतीत बसवायला.