तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्ट असताना सगळ्यांना कशाला बसवायचं?

नाशिकमधल्या सॉफ्टवेअर टीमना डिझाइनचा विचार एकत्र करायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे कंपनीचे मालक किंवा प्रोजेक्ट मॅनेजर एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, आर्किटेक्ट त्याचाच तर पगार घेतो. मग सगळी टीम अर्धा दिवस भिंतीसमोर उभी कशाला करायची?" (आर्किटेक्ट म्हणजे सॉफ्टवेअरचा एकूण आराखडा ठरवणारा माणूस.) प्रश्न रास्त आहे. एवढ्या लोकांचा अर्धा दिवस म्हणजे पैसाच.

माझं उत्तर असं, की अख्खी सिस्टीम कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. आर्किटेक्ट कितीही हुशार असला तरी त्याला जे कुणी सांगितलंच नाही, ते त्याच्या आकृतीत येणार कुठून?

कांद्याच्या लिलावाच्या एका सॉफ्टवेअरचं काम चालू होतं. गेट आणि लिलाव एका टीमकडे, काटा दुसरीकडे, हिशेब आणि पेमेंट तिसरीकडे. तिघांची कागदपत्रं व्यवस्थित होती. मी आधी कुणालाच बोलू दिलं नाही. प्रत्येकानं कोऱ्या कागदावर आपल्याला कळलेली संपूर्ण सिस्टीम काढायची, दहा मिनिटं, शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता. मग सगळे कागद शेजारीशेजारी भिंतीवर लावले. कागद जिथे जुळत नाहीत, तिथूनच बोलायला सुरुवात करायची, हा माझा नेहमीचा शिरस्ता.

त्यानंतर नारिंगी चिठ्ठ्या. ही पद्धत इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनी यांची, २०१३ च्या सुमाराची. तिला इव्हेंट स्टॉर्मिंग म्हणतात. एका चिठ्ठीवर एकच घटना, आणि तीही घडून गेल्यासारखी लिहायची. 'गाडी गेटवर नोंदली.' 'बोली लागली.' 'भरल्या गाडीचं वजन झालं.' 'माल खाली झाला.' 'रिकाम्या गाडीचं वजन झालं.' 'हिशेबपट्टी निघाली.' सर्व्हर, डेटाबेस, एपीआय हे तांत्रिक शब्द चिठ्ठ्या लावून होईपर्यंत बंद. ते निघाले की अर्धी माणसं गप्प होतात आणि उरलेली अर्धी आवडत्या टेक्नॉलॉजीवरून भांडू लागतात.

बाजार समितीतून येणारे फोन घेणारा सपोर्टचा मुलगाही मी मुद्दाम बोलावला होता. तो मागे उभा होता. यात काय राहिलं, असं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, वांधा कुठंय?"

बाहेरच्यांसाठी सांगते. लिलाव होतो तो गाडीत वरून दिसणाऱ्या मालावर. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना आतला कांदा वेगळा निघाला, तर व्यापारी वांधा काढतो आणि भाव कमी करायला सांगतो. शेतकरी अडून बसतो. मग मध्यस्थी होऊन भाव नव्यानं ठरतो. निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही कांदा उत्पादकाच्या घरी ही गोष्ट पोराटोरांना माहीत असते. आमच्या तीन टीमच्या कागदपत्रांत तिचा मागमूस नव्हता. पेमेंटवाल्यांनी बोली लागली त्याच क्षणी भाव पक्का धरला होता. काट्यावाल्यांकडे भाव यायचाच नाही, त्यामुळे तो बदलतो हे त्यांना कळायची सोयच नव्हती.

पुढचा तासभर त्या एकाच चिठ्ठीवर गेला. आधीचा भाव खोडून नवा लिहायचा का? नोकरीच्या दुसऱ्याच वर्षाला असलेल्या एका डेव्हलपर मुलीनं ठाम नाही म्हटलं. लिलावाचा भाव तसाच ठेवायचा, वांध्यात ठरलेला भाव ही वेगळी नोंद करायची, आणि हिशेबपट्टीवर शेतकऱ्याला दोन्ही दिसले पाहिजेत. कारण पैसे कमी का आले, हे विचारायचा त्याला हक्क आहे. मग आर्किटेक्टनं लगेच पुढचं पाहिलं: वांधा मिटेपर्यंत पेमेंट थांबलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर जुन्याच भावानं पैसे निघून जातील. आर्किटेक्ट लागतो तो इथे. पण त्याच्यासमोर वांधा आणला सपोर्टच्या मुलानं.

मेल्विन कॉनवे या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९६८ सालीच लिहून ठेवलंय, की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची सिस्टीम ती संस्था बनवते. आमच्या तीन टीम वेगवेगळ्या मजल्यांवर बसायच्या आणि कोडमधल्या भेगाही नेमक्या तिथेच होत्या. म्हणून मला नुसती आकृती सुधारण्यात रस नाही. बोलणं सुधारलं नाही, तर चांगली आकृतीसुद्धा काही महिन्यांत जुन्या वळणावर जाते.

बोलण्यात आपल्याकडे एक मोठी अडचण आहे ती 'सरां'ची. सर एकदा बोलले की विषय संपला, बाकीचे माना डोलावतात. म्हणून माझ्याकडे सर्वांत ज्येष्ठ माणूस शेवटी बोलतो, आणि हे त्याला मी आदल्या दिवशी एकट्यात सांगून ठेवते. चारचौघांत सांगितलं तर त्याला ते लागतं. दुसरं म्हणजे चर्चा मराठीत. येवल्या-सिन्नरहून आलेली, कोड उत्तम लिहिणारी मुलं इंग्रजी मीटिंगमध्ये तासभर तोंड उघडत नाहीत. तीच मुलं मराठीत 'अहो, पण नेट गेलं आणि काट्याची पावती दोनदा आली तर?' असं विचारून सगळ्यांना जागं करतात.

ठरलेलं लिहून ठेवायचंच. २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी सुचवलेला साचा मला पुरतो: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. एका पानात बसवायचं आणि कोडशेजारीच ठेवायचं. नाकारलेले पर्यायही मी त्यात लिहायला लावते, नाहीतर नवा माणूस येतो आणि तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

प्रत्येक कामाला हा घाट घालू नका. बटणाचा रंग बदलायला किंवा एका टीमच्या आतल्या बदलाला दोघं बसले तरी भागतं. पण बदल दोन टीमच्या हद्दीवर असेल, पैशाशी किंवा मालाच्या नोंदीशी संबंधित असेल आणि नंतर मागे फिरणं महाग पडणार असेल, तर अर्धा दिवस काढाच. त्यासाठी मला बोलवायचीही गरज नाही. सध्या ज्यावरून सर्वांत जास्त फोन येतात तो एकच विषय घ्या, कोरे कागद वाटा, आणि ते फोन घेणाऱ्या माणसाला पहिल्या रांगेत उभं करा.