एका अक्षरापायी जळगावच्या चार खेपा

ओलमी ही मी स्वतः बनवलेली भाषा. तिच्यातली ऋतूंची कविता चोवीस ओळींची, शब्दसूची एकसष्ट शब्दांची, व्याकरण दोन पानांचं. लिहिताना कुठेही अडलं नाही. छापायला मात्र भडगावहून जळगावच्या चार खेपा झाल्या, त्याही एकाच अक्षरापायी. असलं काही छापायला कुणी निघालं असेल तर त्याचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

आमच्याकडे गिरणेला पूर येतो तेव्हा पुष्कळदा भडगावात लख्ख ऊन असतं. पाऊस पडतो वर, कळवणकडच्या डोंगरात. पाऊस ऐकायचा आणि पाणी बघायचं. म्हणून ओलमीत क्रियापदाला दोन प्रत्यय ठेवले. स्वतः पाहिलं असेल तर ‘-ऱ्हा’ (चंद्रकोरीसारखा अर्धा र), ऐकलं असेल तर ‘-र्हा’ (डोक्यावर रफार). तुर्की भाषेतही ऐकीव गोष्टीला क्रियापदाचा वेगळा प्रत्यय लागतो, कल्पना तिथूनच घेतली. पावसाळ्याचं कडवं असं सुरू होतं:

नूम तोकर्हा
ईन लूमऱ्हा

नूम म्हणजे पाऊस, तोक पडणे, ईन नदी, लूम चढणे. पाऊस पडला म्हणे. नदी चढली, ती मात्र बघितली. मात्राही यावरच बेतल्यात. रफार आला की आधीचा ‘क’ गुरू होतो, म्हणून पहिली ओळ नऊ मात्रांची. ‘ऱ्ह’चा भार आधीच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून दुसरी आठांची.

पहिलं प्रूफ हातात आलं तर सगळीकडे रफारच. डोळ्यांनी पाहिलेला उन्हाळा, केळीवर पडलेला थंडीचा चरका, पऱ्हाटीवर फुटलेला कापूस, सगळं ऐकीव झालेलं. टाइप करणारा मुलगा म्हणाला, “भाऊ, वाचताना कळतंच ना.” मी त्याच्याच कागदावर लिहून दाखवलं: ‘आचाऱ्यांना जेवण दिलं’ आणि ‘आचार्यांना जेवण दिलं’. एक स्वयंपाकी, एक गुरू. मराठीत चुकलं तर वाचणारा संदर्भाने सावरून घेतो. ओलमी येणारा माणूस जगात मी एकटा, तिथे कोण सावरणार? हे त्याला पटलं, तरी दुरुस्ती होईना.

दुसऱ्या खेपेला त्यांनी हाताने दुरुस्ती केली होती. कवितेतल्या पंधरापैकी अकरा जागा बरोबर, चार तशाच. आणि व्याकरणाच्या पानावर छापलं होतं: ‘पाहिलं तर -र्हा, ऐकलं तर -र्हा.’ ते वाक्य मी तीनदा वाचलं. अख्ख्या भाषेचा कणा त्या एका ओळीत होता, आणि तीच ओळ निरर्थक होऊन बसली होती. तिसऱ्या खेपेला लग्नपत्रिकांची गर्दी, म्हणून अडीच तास बाकावर बसलो आणि संध्याकाळच्या एसटीने तसाच परतलो. इतका राग मला क्वचितच आला असेल.

कारण घरी बसून शोधलं. मी फोनवर ‘ऱ्ह’ लिहिताना र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह असं लिहिलं होतं. दुकानात पानं लावायला जुनं पेजमेकर सॉफ्टवेअर. त्याला युनिकोड, म्हणजे आपण फोनवर लिहितो ती अक्षरपद्धत, चालत नाही, म्हणून मजकूर आधी जुन्या फॉन्टमध्ये बदलतात. त्या बदलात न दिसणारं चिन्ह गळायचं आणि ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ व्हायचा. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. तो, हलन्त आणि ह असं लिहिलं की जोडचिन्ह लागतच नाही. तेव्हा मजकूर दुकानात बसवायला देऊच नका. लिब्रेऑफिसमध्ये स्वतः बसवा, ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा मोफत फॉन्ट घ्या, फॉन्टसकट पीडीएफ करा आणि तीच छापायला द्या. चौथ्या खेपेला मी हेच केलं. काम दहा मिनिटांत झालं.

शब्दसूचीचं राहिलं. संगणकाला अनुक्रम लावायला सांगितला तर तो ‘ळ’ बहुधा ‘ल’च्या लगेच पुढे टाकतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, ते हाताने नीट करावं लागतं. आणि कागदावरचं प्रूफ एकट्याने तपासू नका. लिहिणाऱ्याचा डोळा फसतो, जे हवं तेच त्याला दिसतं. मी आईला बसवलं. तिला ओलमी येत नाही, पण चंद्रकोर आणि रफार ओळखता येतात. एकेका ओळीवर बोट ठेवून ती अहिराणीत सांगत गेली, “हाई देखेल… हाई आयकेल…” आणि मी पेन्सिलने खुणा करत गेलो. पंधरा देखेल, नऊ आयकेल. मग सही केली.